काकीची सही

लाटंबार्से, ता. डिचोली
१२ जानेवारी २०२५

चि. अंकिता हिस आशीर्वाद.

रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर वेताची छडी पडली की कसा आवाज येतो, हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या लहानपणी, पोर्तुगीज अमलात, मराठी शाळा देवळाच्या मंडपात भरायची. बाक नव्हते, फळा भिंतीला टेकवलेला. मास्तर डबा पालथा घालून त्यावर छडीनं ताल धरत आणि आम्ही कविता म्हणत असू. चरण संपला की एक ठोका जोरात. कोणी मात्रा गिळली तर तोच ठोका पाठीवर. तुझा बाबा, कृष्णनाथ, माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि नुसतेच ओठ हलवायचा. मार मात्र मला पडायचा, कारण माझा आवाज मोठा.

परवा पोस्टमननं तुझं पार्सल खिडकीतून आत टाकलं ते पत्र्याच्या पिंपावर पडलं. तोच आवाज.

पार्सल उघडलं तर निळी फाईल, कप्प्याकप्प्यांची. प्रत्येक कप्प्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी. जन्म, लग्न, घर, बँक, आजार, कोणाला कळवायचं. ओळीनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. मात्रा जुळत नाहीत, पण अर्थ पुरा लागतो गो. माणसाचं काहीच बाहेर राहत नाही.

पण खरं सांगू, आमचे कागद आपापल्या जागी सुखात आहेत. घरपट्टीच्या पावत्या जुन्या पंचांगात असतात. खाणीवरच्या नोकरीचे कागद, काट्यावर ट्रक वजन करायचो त्या दिवसांतले, माझ्या शाळेच्या कवितांच्या पुस्तकाखाली. त्यांना तिथून उठवून प्लास्टिकच्या कप्प्यात घालायचं म्हणजे कोणाला तरी झोपेतून हलवायचं.

बँकेचं विचारलं आहेस. खातं दोघांचं आहे आणि दोघांच्या सहीनंच चालतं. उघडलं तेव्हा साहेबानं विचारलं होतं, व्यवहार कसा ठेवणार? ‘दोघांपैकी एक किंवा मागे राहील तो’, की ‘दोघं मिळून’? बायको शेजारी उभी असताना काउंटरवर ‘मागे राहील तो’ असं कोणी म्हणावं का? मी ‘दोघं मिळून’ वर खूण केली. दोन नावं एका ओळीत छान दिसत होती. परतताना बसमध्ये तुझी काकी म्हणाली, “म्हणजे आता दर खेपेक माका बाजारात येवचा लागतला.” तिला कवितेतलं काही कळत नाही.

तिची तब्येत बरी आहे. गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही एवढंच. खाली तिनं दोन ओळी लिहिल्या आहेत.

तुझा,
सगुणकाका

चि. अंकिता, तू चांदण्यासारखी शांत आणि गुणी मुलगी आहेस. तुझी फाईल पाहून मन भरून आले. काकी.



वास्को
२३ जानेवारी २०२५

ती. काकांना नमस्कार.

फाईल कवितेच्या पुस्तकाखाली ठेवली असेल तर आधी ती बाहेर काढा.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. जहाज बंदराला लागलं की त्यावरच्या खलाशांचे कागद माझ्या टेबलावर येतात. जहाजावर एक पिशवी असते. जहाज सोडायची पाळी आली तर कप्तान ती उचलतो आणि निघतो. तीत काय असायचं ते ठरलेलं, कुठे टांगायची तेही ठरलेलं. अंधारात हात घातला तरी हाताला लागली पाहिजे. मी रोज असल्या पिशव्या तपासते आणि आमच्या स्वतःच्या घरात तशी पिशवी नव्हती.

बाबांना इस्पितळात घेऊन गेलो त्या दिवशी खिडकीवर विचारलं, कोणती औषधं चालू आहेत. आईला गोळीचा रंग माहीत होता, नाव नाही. गुलाबी म्हणाली. सरकारी विम्याचं कार्ड मागितलं, ते स्कूटरच्या डिकीत होतं. किल्ली बाबांच्या खिशात, आणि बाबांचे कपडे काढून कुठे ठेवले ते कोणालाच माहीत नव्हतं. कार्ड असतं तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या शेवटच्या वेळी मी त्यांच्याजवळ नव्हते. स्कूटरजवळ होते, दगडानं कुलूप ठोकत.

म्हणून म्हणते, हट्ट करू नका. खात्याचं तर लगेच बदला. दोघांपैकी एक आजारी पडला तर दुसऱ्यानं काय करायचं? सोबत फॉर्म पाठवते आहे. फुली मारली आहे तिथे दोघांनी सही करून परत पाठवा, बँकेत मी घेऊन जाते.

‘कोणाला कळवायचं’ या कप्प्यात मी माझा नंबर लिहिला आहे. शेजारच्या जानकीचा नंबर तुम्ही कळवा. काकीच्या माहेरचा पेडण्याचा, तिच्या भावाचा, शांताराममामांचा, माझ्याकडे आहे, तो घालते. तुमच्या फोनला रेंज येत नाही आणि चढणीवर जाऊन फोन लावायचा तुम्ही कंटाळा करता, म्हणून हे सगळं पत्रानं.

आणि काकी कधीपासून कविता करायला लागली? बाबांच्या वर्षश्राद्धालाही आली नाही, फोनवरही येत नाही, आणि एकदम चांदणं. तिला सांगा, मला पूर्वीसारखं उन्हात वाळवलेली सुंगटं, सुकी कोळंबीच म्हणत जा.

तुमची,
अंकिता



लाटंबार्से
६ फेब्रुवारी २०२५

चि. अंकिता हिस आशीर्वाद.

फॉर्म सोबत आहे. दोघांच्या सह्या केल्या आहेत.

कृष्णनाथचं वाचलं. दगडानं कुलूप ठोकणारी तू डोळ्यांसमोरून जात नाहीस. तुझं म्हणणं मला पटलं आहे. पण एक कर, शांतारामचं नाव त्या कप्प्यातून काढ. काही झालं तरी पेडण्याला कळवायचं नाही. कारण सांगतो.

पेडण्याला तुझ्या काकीच्या माहेरचं काजूचं भाट आहे, सगळी काजूची बाग आणि मध्ये घर. विमानतळ झाल्यापासून त्या बाजूला मातीचं सोनं झालं आहे म्हणतात. शांतारामला ते विकायचं आहे. आपल्या गोव्यात बहिणीचा वाटा असतोच, आणि सह्या सगळ्यांच्या लागतात. बहिणीची, बहिणीच्या नवऱ्याची, भावाची, भावाच्या बायकोची. एकाची राहिली की सगळं राहिलं. म्हणून गेल्या शिगम्याच्या आधी तो मुखत्यारपत्र घेऊन आला. सगळ्यांनी त्यावर सही दिली की विकायचा अधिकार एकट्या त्याचा.

गाडीतून आला, सोबत तरुण वकील. वकील फार गोड बोलला. माझं अक्षर पाहून म्हणाला, इतकं वळणदार अक्षर हल्ली बघायला मिळत नाही. मी सही केली. प्रत्येक पानावर केली. मग तुझी काकी हात पुसत बाहेर आली. शांतारामनं तिला समजावलं की माझी झाली, लक्ष्मीची झाली, भावोजींची तर आताच झाली, बायची, म्हणजे तिची, तेवढी राहिली. तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. “नाका,” म्हणाली. तो पुन्हा पहिल्यापासून समजावू लागला. ती पुन्हा “नाका” म्हणाली आणि वकिलाला विचारलं, चहात साखर किती.

शांतारामची बायको लक्ष्मी गाडीतून उतरलीसुद्धा नाही. नणंदेच्या दारात गाडी उभी, आणि ही काच वर करून आत बसलेली. भाट विकायची सगळी घाई तिची, हे मला तेव्हाच कळलं. फ्लॅटात राहायची हौस असेल.

तू विचारशील, काकी नको का म्हणाली. मी विचारलं होतं. तिनं मला नारळ सोलायला बसवलं. पण मी ओळखलं आहे. फेब्रुवारीत काजूला मोहोर येतो, त्या उग्र गोड वासात ती लहानाची मोठी झाली. आईचं बोट धरून बिया वेचल्या असतील. तो वास कोणाला विकवेल? ती बोलत नाही, पण तिच्यात कुठेतरी कविता आहे हे मी कायम म्हणत आलो.

असो. आता इथेही काजूचे दिवस आहेत, त्यामुळे घर सोडून कुठे जाता येत नाही. दार लावूनच बसतो.

तुझा,
सगुणकाका

प्रिय चेडवा, तुझ्या आठवणीने जीव व्याकूळ होतो. सुंगटांसारखी वाळू नकोस. काकी.



वास्को
१५ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

फॉर्म मिळाला. तो बँकेत देणार नाही.

सही हुबेहूब आहे. ‘चंद्रावती’तल्या च वरची रेघही तशीच, शेवटच्या वेलांटीचं शेपूट तसंच. बँक फसली असती. पण तुम्ही खाली त्या दोन ओळी लिहायला नको होत्या. काकीनं मला आजवर जे काही लिहिलं ते एकाच विषयावर. मी काय जेवले नाही आणि त्यामुळे कशी दिसते. ‘प्रिय’ तिनं मला कधी म्हटलं नाही. तिचा जीव व्याकूळ होत नाही, तिचं डोकं फिरतं. मी बारावीला पहिली आले तेव्हाही तिनं लिहिलं होतं, ‘चेडवा, हुशार झालंस, आता तरी भात खा.’

दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ती का केलीत तेही आता विचारत नाही.

काकी आहे ना? एवढंच एका ओळीत कळवा. बाकीचं मागाहून लिहा.

अंकिता



लाटंबार्से
२२ फेब्रुवारी २०२५

चि. अंकिता,

आहे.

तुळशीच्या लग्नाच्या तयारीत होती. ऊस आणले म्हणून मला बोलत होती की वाकडे आणलेत, आणि बोलता बोलता शब्द घसरले. मला वाटलं रागानं. मग हातातली वाटी पडली. डिचोलीला नेलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जानकी सोबत होती, तिनंच सगळं केलं. तिला मी शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. तू वडिलांच्या दुःखात होतीस, हे एक कारण. ते खरं आहे, पण पुरं नाही.

तिला सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणाले. मलाही दिसतं. हो असलं की डोळे मिटते, नको असलं की तोंड भिंतीकडे फिरवते. पेजेत मीठ कमी पडलं तरी भिंत. मी कविता म्हटल्या तरी भिंत.

डिचोलीहून एक ताई यायची, हात-पाय हलवून घ्यायची, ओठांचा व्यायाम करून घ्यायची. पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, आता जे परत येईल ते येईल, असं ती सांगायची. दोन वेळा तुझ्या काकीच्या तोंडून काहीतरी शब्दासारखं आलंही. मग ताईला द्यायला जवळ काही उरलं नाही. पेन्शन औषधातच जाते. आयुष्यभर जे साठवलं ते त्या खात्यात आहे, जिथे मी ‘दोघं मिळून’ वर खूण केली. जानकीला बसवून मी बँकेत गेलो होतो. साहेब भला माणूस. म्हणाला, आम्ही घरी येतो, साक्षीदार बोलवा, बाईंचा अंगठा घेऊ. हाताचा जमला नाही तर पायाचाही चालतो. मी हो म्हणून बाहेर पडलो आणि पुन्हा गेलो नाही.

का, ते ऐक. चंद्रावतीचा अंगठा चालतो असं एकदा कागदावर आलं की तो सगळ्यांनाच चालेल. शांतारामलाही. माझी सही त्याच्याकडे पडली आहे. तो वकिलाला घेऊन येईल, बहिणीचा हात हातात घेईल, आणि ती तोंड फिरवील. पण फिरवलेलं तोंड कागदावर उठत नाही गो. अंगठा उठतो.

म्हणजे अंगठा दिला तर तिचं ‘नाका’ जाईल, आणि नाही दिला तर तिची वाचा. रोज सकाळी मी या दोहोंच्या मध्ये उठून बसतो. खाणीच्या काट्यावर इतकी वर्षं काढली, कशाचंही वजन झटक्यात सांगायचो. हे जमत नाही. म्हणून रोज तिची सही गिरवत बसलो. तीच शाबूत राहिली तर कोणाचंच काही अडणार नाही असं वाटलं.

तेवढं एक सांभाळ. पेडण्याला कळता कामा नये.

तुझा,
काका



वास्को
२४ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

तुमची एक ओळही आली नाही. फोन बंद. जानकीचा नंबर तुम्ही दिलाच नव्हता. मला आता बसवत नाही. तुम्ही नको म्हणाला होतात तरी आज पेडण्याला फोन केला. काकीला बरं नसावं, जाऊन बघून या, म्हणून सांगितलं. भांडण असलं तरी भाऊ आहे. रागावू नका.

अंकिता



वास्को
४ मार्च २०२५

ती. काका,

तुमचं पत्र मी फोन ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं.

काय लिहू? यादी मीच केली, कप्पा मीच केला आणि तुम्ही ज्याला काढायला सांगितलं होतं त्यालाच मी आधी कळवलं.

फोन लक्ष्मीमामीनं उचलला होता. काकीला बहुतेक अर्धांग झालं असावं, बोलता येत नसावं, असं मी माझ्या अंदाजानं तिला बोलून गेले. ती एक शब्द बोलली नाही. बरं आहे का, काय झालं, काही नाही. फोन मामांच्या हातात दिला, संपलं. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलं होतं ते मला तेव्हा पटलं.

काल मामांचाच फोन आला. आवाज रडवेला होता, तो खोटा वाटला नाही. बायला बघायला रविवारी सकाळी येतो म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तिचा डावा हात चालतो ना? वकीलही सोबत असेल, म्हणाले, एका कामात दुसरं होऊन जाईल.

मी आमच्या ऑफिसच्या वकिलांना विचारलं. तुमची सही मागे घेता येते, पण नोटीस वगैरे पाठवण्यात रविवार उलटून जाईल. त्यांनी एकच सांगितलं, तोवर अंगठा लागू देऊ नका.

शनिवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी सुटेपर्यंत तिच्याजवळ मीच. सोमवारच्या आधी मला हलता येत नाही. इतक्या लोकांचे कागद लावून त्यांना जगभर पाठवते, आणि वास्कोहून लाटंबार्शाला मला पोचता येत नाही.

हे पत्र पोस्टानं वेळेवर येणार नाही, म्हणून डिचोली गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे देते. दार उघडू नका.

अंकिता



लाटंबार्से
९ मार्च २०२५, रविवार

चि. अंकिता हिस आशीर्वाद.

दार सताड उघडं ठेवून हे लिहितो आहे. शांताराम अजून आलेला नाही. तू म्हणालीस दार उघडू नका, आणि मी उघडलं. ते का, ते क्रमानं सांगतो.

सकाळी जानकी तिला न्हाऊ घालून गेली. मी दार लावलं, अडसर घातला, खिडक्या ओढून घेतल्या. तिच्या कानाशी बसून सांगितलं की शांताराम येतोय. डोळे मिटले, म्हणजे कळलं. वकील येतोय, म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि ते तसंच ठेवलं.

वाटलं, दार तोडून तर कोणी येणार नाही. मग वाटलं, भाऊच तो, दारात उभा राहून बाय, बाय अशा हाका मारील, आणि लहानपणी त्याला भरवलेली ही आत पडून ऐकत राहील. ते मला ऐकवणार नाही, मी दार उघडीन. मी स्वतःला ओळखतो. माझं अक्षर सुंदर म्हटलं की सही करणारा माणूस मी.

म्हणून जुन्या धोतराची पट्टी फाडली, हळदीत भिजवली आणि तिच्या डाव्या अंगठ्याला बांधली. चहानं भाजलं म्हणून सांगणार होतो. मग उजवा अंगठा उघडा दिसला, त्यालाही बांधली. मग बँकेतला साहेब पायाचं बोलला होता ते आठवलं. पायांनाही बांधल्या. बांधून होईपर्यंत तिनं तोंड इकडे वळवलं होतं आणि माझ्याकडे पाहत होती. ओठाची एक कड हलली. हसली की रागावली, ते कळलं नाही. लग्न झाल्यापासून ते मला कधी कळलेलं नाही.

कविता म्हणायला बसलो. दुसरं कडवं झालं आणि पुढचं आठवेना. शाळेपासून पाठ असलेली कविता गो. घरात हवा नव्हती. मी दारामागच्या स्टुलावर जाऊन बसलो आणि गाडीचा आवाज यायची वाट पाहू लागलो. ती यावी म्हणून नाही, एकदाची येऊन जावी म्हणून.

गाडीचा आवाज आला नाही. फाट्यावर बस थांबून पुढे गेली, तेवढं ऐकू आलं. मग काही वेळानं दारावर थाप पडली. मी आतूनच म्हणालो, शांताराम, बाय झोपली आहे, आज नको. बाहेर कोणीतरी दम खात होतं. मग बाईचा आवाज आला. ते येवक नाय, म्हणाली, मी आसंय.

मी अडसर काढला.

लक्ष्मी होती, एकटी. रोजचं लुगडं, कपाळाचं कुंकू घामानं ओघळलेलं. फाट्यापासून चढण चढून आली होती. मी दारातच उभा. या म्हणायचं सुचलं नाही. मनात हेच की हिला पुढे पाठवून तो मागून येतो आहे. तिनंही आत पाऊल टाकलं नाही. जे बोलायचं ते पायरीवर उभं राहूनच बोलली.

“भावोजी, मी अजून सही करूक नाय. झाली म्हणान ह्यांनी सगळ्यांका खोटा सांगितल्यानी.”

मग तिनं जे सांगितलं ते असं. घर त्या भाटात आहे. भाट गेलं की घर गेलं, आणि तिला ते घर सोडायचं नाही. पण नवऱ्याच्या तोंडावर नको म्हणायची तिची कधी छाती झाली नाही. दोन वर्षांपूर्वी गणेशचवथीला तुझी काकी माहेरी गेली होती, तेव्हा चुलीपाशी बसून हिनं तिला सगळं सांगितलं. काकी म्हणाली, तू त्याला सांग, बायच्या मागून मी करते, आणि माझी सही मी देत नाही. तेव्हापासून ही बायच्या मागून करते म्हणत राहिली आणि तुझी काकी नाका म्हणत राहिली. शांतारामनं दोघी समोरासमोर आल्या की आपलं खोटं उघडं पडेल या भीतीनं हिला त्या दिवशी गाडीतून उतरू दिलं नव्हतं. आणि मी इथे बसून काजूच्या मोहोरावर कविता रचत होतो.

तुझा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून शब्द का फुटला नाही, ते तुला आता कळेल. आज शांताराम वकिलाला आणायला डिचोलीकडे वळला, तेव्हा ती घराला कुलूप लावून बस धरून निघाली.

बँकेत अंगठ्यावाचून पैसे अडले आहेत, तेही मी तिला दारातच सांगितलं आणि विचारलं, तो येणार ना? येतले, म्हणाली. येवंदेत.

“इतके दिवस वन्सं माझ्यासाठी नाय म्हणत इल्यो,” ती म्हणाली. “आता तेंका बोलूक जमणा नाय. आता मी म्हणतंय. वकिलाच्या तोंडार म्हणतंय. तुम्ही वन्संचो आंगठो खुशाल बँकेक द्या.”

अडसर अजून माझ्या हातातच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तो ठेवा बाजूक,” म्हणाली, “आणि माका आत येवंदेत.”